वळणावरचा त्रिकोण

छत्रपती संभाजीनगरच्या एका अंगाला शेंद्रा आहे, दुसऱ्या अंगाला वाळूज. जालना रस्त्याने शेंद्र्याला गेलं की स्कोडाचा कारखाना लागतो. 2001 पासून तिथे मोटारी तयार होतात, 2007 पासून ऑडीही होऊ लागल्या. अशा मोटारींत वळणावर गाडी हाताबाहेर जाते आहे असं दिसताच एकेका चाकाचा ब्रेक स्वतःहून दाबणारी आणि इंजिनाची ताकद कापणारी यंत्रणा असते. तिला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतात. उलट दिशेला, नगर नाक्यावरून पुढे गेलं की वाळूजची एमआयडीसी येते, बजाजनगर येतं आणि बजाज ऑटोचा कारखाना येतो. 5 नोव्हेंबर 1985 रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बांधकामापासून उत्पादनापर्यंत सोळा महिने लागले होते. इथून बाहेर पडलेल्या रिक्षांनी या शहरालाच नव्हे, देशोदेशींच्या शहरांना वाहून नेलं आहे. शेंद्र्याच्या मोटारीला मिळालेली ती राखण मात्र वाळूजच्या तीनचाकीला अजून मिळालेली नाही.

तीन चाकांवर ही यंत्रणा बसतच नाही, असं मुळीच नाही. कॅनडातल्या बीआरपी कंपनीने 2007 मध्ये कॅन-ॲम स्पायडर नावाची तीनचाकी मोटारसायकल आणली. पुढे दोन चाकं, मागे एक, हजार सीसीच्या आसपासचं रोटॅक्स इंजिन आणि त्याला शंभराहून जास्त अश्वशक्ती. दुचाकी वळणावर झुकते, ही झुकत नाही. म्हणून तिच्यात बॉशच्या मदतीने तयार केलेली स्थिरता-यंत्रणा पहिल्या दिवसापासून बसवलेली आहे. हँडल किती वळलं, गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, आडवा जोर किती आहे, तिन्ही चाकं कोणत्या वेगाने फिरताहेत, याची नोंद ती सतत घेते. जोरात घेतलेल्या वळणात आतलं पुढचं चाक हलकं होऊ लागलं की ती इंजिनाची ताकद कापते आणि गरज पडली तर हव्या त्या चाकाला ब्रेक लावते. वर्षानुवर्षं दुचाकी चालवलेल्या माणसाला हे खटकतं. मूठ पिळलेली असताना गाडीने मध्येच दम सोडावा, हे त्याला आपल्या हातावरचा अविश्वास वाटतो. त्याची चीड मला समजते, पण माझं मत यंत्रणेच्या बाजूने आहे, कारण इथे प्रश्न कौशल्याचा कमी आणि भूमितीचा जास्त आहे.

तीन पायांची तिपाई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, पण कडेला भार पडला की चार पायांच्या टेबलाआधी उलटते. तीन चाकं रस्त्याला जिथे टेकतात ते बिंदू जोडले की त्रिकोण होतो. गाडीचा गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या वर कुठेतरी असतो. वळणावर बाहेर फेकणारा जोर त्याला बाजूच्या रेषेकडे ढकलतो. ती रेषा जितकी जवळ आणि गुरुत्वमध्य जितका उंच, तितकी गाडी लवकर कलंडते.

आपल्या रिक्षाचा हिशेब मांडून पाहू. पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे दोन मीटर अंतर. मागच्या दोन चाकांत 1.15 मीटर धरू. प्रवासी बसलेले असताना गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून 1.3 मीटर मागे आणि जमिनीपासून 60 सेंटिमीटर उंच धरू. मग तो कलंडण्याच्या रेषेपासून जेमतेम 36 सेंटिमीटरवर येतो. म्हणजे वजनाच्या साठ टक्के एवढा आडवा जोर आला की आतलं मागचं चाक जमीन सोडणार. पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणावर ही वेळ ताशी 34 किलोमीटरला येते. हाच भार चार चाकांवर ठेवला तर ती 43 ला आली असती. पण चारचाकी त्या वेगापर्यंत पोचतच नाही, कारण कोरड्या डांबरावरचं रबर साधारण 70 ते 80 टक्के आडवा जोर पेलतं आणि 38 च्या सुमाराला टायरच घसरू लागतात.

सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. मोटार आधी घसरते, रिक्षा आधी कलंडते. घसरणारी गाडी चालकाला इशारा देते. टायर ओरडतात, मागची बाजू सरकते, सावरायला क्षणभर मिळतो. कलंडणाऱ्या गाडीत टायर शेवटपर्यंत घट्ट धरून असतात. रिक्षाचे चालक एक खूण मात्र ओळखतात. रिक्षाची ताकद डिफरन्शियलमधून मागच्या दोन चाकांना जाते. आतलं चाक हवेत गेलं की त्याला अडवणारं काही उरत नाही, ते मोकळं गरगरतं आणि इंजिनाचा आवाज एकदम चढतो. तो आवाज ऐकू येतो तेव्हा हातात फार वेळ राहिलेला नसतो.

आता यात रोजचा प्रवास घाला. वाळूजची पाळी सुटली की बाबा पेट्रोल पंपाकडे येणाऱ्या शेअर रिक्षा भरतात. मागे तिघं बसलेले असतात, कधी चौथा मांडीवर मांडी घालून, आणि एकजण चालकाच्या शेजारी अर्ध्या सीटवर हँडलला हात लागू नये म्हणून अंग चोरून. पुढे बसलेल्या त्या माणसामुळे भार पुढे सरकतो. पुढे त्रिकोण निमुळता होत जातो, म्हणून आपल्या हिशेबातले 34 किलोमीटर आणखी खाली येतात. टपावर गाठोडं असेल आणि गुरुत्वमध्य पंधरा सेंटिमीटर वर गेला तर त्याहूनही खाली. चालकाला यातलं काहीही हँडलवर जाणवत नाही. त्याच वळणावर सकाळी रिकाम्या रिक्षाने तो याहून वेगाने सुखरूप गेलेला असतो. शिवाय वळणावर प्रवासी सगळे बाहेरच्या बाजूला सरकतात, म्हणजे ऐन वेळी भारही चुकीच्या बाजूला जातो.

स्पायडरची यंत्रणा उचलून रिक्षात बसवली की काम झालं, असं वाटू शकतं. तसं होत नाही, आणि हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन्ही गाड्यांचे त्रिकोण एकमेकांच्या उलट आहेत. स्पायडरचा रुंद भाग पुढे आहे. वेग वाढवला की भार मागे, म्हणजे निमुळत्या टोकाकडे जातो. ताकद कापली की तो पुढे, रुंद भागावर येतो. म्हणून तिथे ताकद कापणं दुहेरी उपयोगाचं ठरतं. वेगही उतरतो आणि भारही सुरक्षित जागी जातो. रिक्षाचा रुंद भाग मागे आहे. वळणात ब्रेक मारला की भार पुढच्या एकट्या चाकाकडे, निमुळत्या टोकाकडे धावतो. मध्यम ब्रेक धरला तरी आपल्या हिशेबातली 34 ची मर्यादा तत्क्षणी 31 होते. वेग उतरायला थोडा वेळ लागतो, भार सरकायला लागत नाही. त्या मधल्या अवधीत रिक्षा जाते. जुने चालक नव्या पोराला शिकवताना म्हणतात, “ब्रेक वळणाच्या आधी मार, वळणात नको.” हे बोल शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरतात.

रिक्षाच्या घडणीतही या त्रिकोणाशी झुंज दिसते. सुरुवातीच्या बजाज रिक्षांत इंजिन पुढच्या भागात असे. 1977 मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा आली. आरई या नावात तेच आहे, रिअर इंजिन. इंजिनाचं वजन रुंद भागावर गेलं, तोल सुधारला. पण भार किती मागे न्यायचा याला मर्यादा असते. पुढचं चाक फार हलकं झालं तर चढावर आणि ओल्या रस्त्यावर हँडल ऐकेनासं होतं. चाकंही लहान, आठ इंची रिमची. खड्ड्यात किंवा दुभाजकाच्या कडेला एक चाक अडकलं तर वरचे सगळे हिशेब बाजूला राहतात आणि गाडी कमी वेगातही पलटी होऊ शकते.

वाळूजने चौथं चाकही जोडून पाहिलं. जानेवारी 2012 मध्ये बजाजने आरई60 दाखवली, पुढे तिचं नाव क्यूट झालं. 216 सीसीचं इंजिन, ताशी 70 किलोमीटरची वेगमर्यादा, पत्र्याचं छत, दारं. ती वाळूजला तयार होऊन आधी परदेशी गेली. आपल्याकडे क्वाड्रिसायकल हा वर्ग न्यायालयांत आणि नियमांत अडकून राहिला. 2018 मध्ये अधिसूचना निघाली आणि 2019 मध्ये महाराष्ट्रात ती विकायला आली. तीनऐवजी चार टेकू देऊन कलंडण्याचा प्रश्न मुळातच हलका करण्याचा तो प्रयत्न होता. रस्त्यावर रिक्षाची जागा काही तिला घेता आली नाही. रिक्षा स्वस्त पडते, अरुंद बोळात वळते, गल्लीतल्या कुठल्याही मेकॅनिककडे दुरुस्त होते. शहरातल्या भडकल गेटजवळच्या गर्दीतून निघणारं वाहन लोक आजही तीन चाकांचंच पसंत करतात.

जगाने हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी हाताळला आहे. अमेरिकेत होंडाने 1970 मध्ये आणलेल्या फुगीर टायरच्या तीनचाकी गाड्या, पुढे एक आणि मागे दोन चाकांच्या, इतक्या उलटल्या की 1988 मध्ये सरकारी सुरक्षा आयोगाशी तडजोड करून कंपन्यांनी त्यांची विक्री थांबवली. पियाजिओने 2006 मध्ये एमपी3 स्कूटर आणली, तिची पुढची दोन्ही चाकं वळणावर झुकतात. यामाहाच्या 2018 च्या निकेनमध्येही तेच. झुकणाऱ्या गाडीला बाहेर कलंडण्याची भीती फारशी नसते. मर्सिडीजची गोष्ट तर या विषयात सांगायलाच हवी. 1997 मध्ये स्वीडनमध्ये अचानक आलेला प्राणी चुकवण्याची चाचणी घेताना तिची नवी, उंच, छोटी ए-क्लास उलटली. कंपनीने पुरवठा थांबवला आणि तोवर महागड्या मोटारींत असलेली स्थिरता-यंत्रणा या छोट्या मोटारीत सरसकट बसवली. एका चाचणीतल्या एका पलटीने हे घडवून आणलं.

आपल्याकडे अभ्यासाची उणीव नाही. आयआयटी दिल्लीचे सुदीप्तो मुखर्जी आणि दिवंगत दिनेश मोहन यांच्या गटाने रिक्षांच्या उलटण्याच्या प्रवृत्तीवर 2004 मध्येच शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं, पण तो नियम दुचाकींचा होता. ब्रेक आणि सस्पेन्शन बनवणारी एन्ड्युरन्स कंपनी वाळूजचीच, ती एबीएसच्या क्षेत्रातही उतरली आहे. हात आणि डोकी दोन्ही याच शहरात आहेत.

इलेक्ट्रिक रिक्षांमुळे तर संधी दारात आली आहे. बजाजने फेब्रुवारी 2025 मध्ये गोगो या नावाने इलेक्ट्रिक तीनचाकी आणली, इतर कंपन्यांच्याही धावताहेत. जड बॅटरी तळाशी ठेवली की गुरुत्वमध्य खाली येतो. मोटरची ताकद वायरीतून येणाऱ्या हुकमावर चालते, ती कापायला वेगळं यंत्र लागत नाही. कल आणि आडवा जोर मोजणारी चिप आज साध्या मोबाइलमध्ये असते. पण इथेही उलटा त्रिकोण विसरून चालणार नाही. इलेक्ट्रिक गाडीत मूठ सोडली की मोटरच ब्रेकसारखी वागते आणि बॅटरीत वीज परत भरते. सरळ रस्त्यावर हे फायद्याचं आहे. भर वळणात तोच ओढा भार पुढे ढकलतो. म्हणून रिक्षाच्या यंत्रणेला दोन गोष्टी शिकवाव्या लागतील. हँडल वळू लागताच, आडवा जोर मर्यादेच्या बराच खाली असताना, ताकद अलगद उतरवायची. आणि वळण ऐन भरात असताना मोटरचा ओढा सौम्य ठेवायचा. घसरण ओळखणारी मोटारीची यंत्रणा इथे तशीच चालणार नाही, कारण रिक्षा घसरण्याआधीच कलंडते. आणि रिक्षाच्या या यंत्रणेची चाचणी घ्यायची तर रिकाम्या रिक्षावर घेऊन उपयोग नाही. मागे तिघं, पुढे एक, टपावर गाठोडं असा भार लादून घ्यायला हवी.