वारा वाट दाखवतो

कमरेइतकं उंच, पांढऱ्या तुऱ्यांचं गवत एकदम डावीकडे लवतं. घोड्यावरचा जिन साकाई लगाम वळवतो, कारण जायचंय ते डावीकडेच.

जिन ज्याचा नायक आहे तो 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा गेम जुलै २०२० मध्ये आला. एवढं मोठं, मनमुराद भटकायला मोकळं असलेलं जग म्हटलं की पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा आलाच. खेळणाऱ्याची नजर त्यालाच चिकटते आणि समोरचा डोंगर बघायचा राहून जातो. इथे तो नकाशाच काढून टाकला आहे! कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवलं की झुळूक उठते आणि आपण ठरवलेल्या ठिकाणाच्या रोखाने वाहू लागते. तिचा माग काढायचा, तर गवताकडे, उडणाऱ्या पानांकडे बघावंच लागतं. मध्येच कोल्हा दिसतो. त्याच्या मागे गेलं की तो इनारीच्या छोट्या देवळापाशी नेतो. जपानात कोल्हा इनारी या धान्यदेवतेचा दूत मानला जातो. देवळापाशी त्याला कुरवाळताही येतं, आणि मी ते दर वेळी करतोच.

लढाईतही हेच बघणं. द्वंद्वाचं आव्हान दिलं की त्रिकोणाचं बटण दाबून धरायचं. शत्रू हूल देतो, खांदा हलवतो. तरी बोट उचलायचं नाही. तो खरोखर अंगावर आला की सोडायचं. तो अर्धा सेकंद श्वास रोखून धरायला लावतो.

कथेमागे खरी घटना आहे. १२७४ मध्ये मंगोल सम्राट कुबलाई खानाचं सैन्य जपानच्या त्सुशिमा बेटावर, कोमोदाच्या किनाऱ्यावर उतरलं आणि तिथला सरदार सो सुकेकुनी मूठभर घोडेस्वारांनिशी लढता लढता पडला. जिन मात्र काल्पनिक. तो हायकू रचतो, पण हा काव्यप्रकार कित्येक शतकांनंतरचा. मला ते खटकत नाही, कारण हा गेम इतिहासाइतकाच सिनेमावरही जीव लावून बसलेला आहे. त्यात 'कुरोसावा मोड' आहे: चित्र कृष्णधवल, जुन्या फिल्मसारखं दाणेदार. ज्याच्या सिनेमात वारा आणि पाऊस पात्रांइतकेच बोलतात, त्या दिग्दर्शकाचं नाव इथे किती शोभतं!

गेम आला त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, खऱ्या त्सुशिमात वादळाने वाताझुमी देवळाची तोरी, म्हणजे प्रवेशकमान, पाडली. ती पुन्हा उभारण्यासाठी ५० लाख येनचं आवाहन झालं. बातमी गेम खेळणाऱ्यांपर्यंत पोचली आणि २ कोटी ७० लाखांवर येन जमले.