शिकता शिकता वेल्डिंगचे काम : आधी विद्यार्थी, मग कामगार

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक ख्रिस्ती कुटुंबांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. मुलाला पुढे शिकायचे असते; परंतु प्रवेश शुल्क, पुस्तके आणि रेल्वेचा पास यांचा मेळ वडिलांच्या मिळकतीत बसत नाही. अशा वेळी मुलगा म्हणतो, ‘‘मी शिकता शिकता काम करीन.’’ कोणी त्याला वेल्डिंगच्या गाळ्याचे नाव सुचवितो. आईला त्याच्या डोळ्यांची काळजी वाटते, वडिलांना अभ्यासाची. शेजारी म्हणतात, पदवी घेऊन तरी कोणाला नोकरी मिळते?

या तिन्ही बोलण्यांत थोडेफार तथ्य आहे. विद्यार्थ्याला वेल्डिंगचे अर्धवेळ काम मिळू शकते, त्यातून त्याला आयुष्यभराची कला लाभू शकते. परंतु त्याच कामापायी त्याचे शिक्षण बुडू शकते आणि त्याच्या शरीराची हानीही होऊ शकते. यांपैकी काय घडेल, हे बऱ्याच अंशी काम स्वीकारताना घातलेल्या अटींवर अवलंबून असते. म्हणून ‘रोज किती मिळेल?’ या प्रश्नाआधी ‘मला काय शिकविणार आणि मी मोकळा केव्हा असेन?’ हा प्रश्न विचारावयास हवा.

कामकरी विद्यार्थी डॉन बॉस्को

ख्रिस्तसभेच्या इतिहासात या प्रश्नाचा विचार एका संताने फार पूर्वी केला आहे. संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८) दोन वर्षांचे असताना त्यांचे पितृछत्र हरपले. शिक्षणासाठी त्यांना ठिकठिकाणी काम करावे लागले. कास्तेलनुओव्हो येथे शाळेत जात असताना ते शिंपीकाम व लोहारकाम शिकले. पुढे किएरी या गावी कॉफीच्या दुकानात काम करून त्यांनी आपला अभ्यास चालू ठेवला. शिकणाऱ्या मुलाला काम करताना काय सोसावे लागते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

पुढे धर्मगुरू झाल्यावर त्यांनी तुरीन शहरातील मुलांना कारागिरांकडे उमेदवारीस लावले. मात्र ते नुसते तोंडी सांगून मोकळे झाले नाहीत. फेब्रुवारी १८५२ मध्ये एका सुतार मालकाबरोबर त्यांनी केलेला लेखी करार आजही उपलब्ध आहे. मालकाने मुलाला त्या कलेचेच काम द्यावे, चूक झाल्यास केवळ शब्दांनी समज द्यावी, सणावाराच्या दिवशी मोकळे सोडावे, वर्षातून पंधरा दिवसांची रजा द्यावी आणि ठरलेला मोबदला दर आठवड्याला चुकता करावा, अशा त्यातील अटी होत्या. मुलानेही आज्ञाधारकपणे व मन लावून काम करण्याचे वचन दिले होते. पुढे १८६२ साली डॉन बॉस्को यांनी आपल्या संस्थेतच लोहारकामाची कार्यशाळा उभारली. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी त्या करारातील अटी वेल्डिंगच्या गाळ्यालाही तंतोतंत लागू पडतात.

वयाची अट प्रथम

चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास आणि अठरा वर्षांखालील मुलांना धोकादायक कामावर ठेवण्यास आपल्या देशात कायद्याने मनाई आहे. वेल्डिंगच्या गाळ्यात वीज, ज्वाला, धूर आणि वेगाने फिरणारी यंत्रे ही सारी एकाच छपराखाली असतात. म्हणून मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला गाळ्यावर कामास धाडू नये.

तोवर त्याने रिकामे बसावे असे मात्र नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो आणि आठवी उत्तीर्ण मुलामुलींना त्यास प्रवेश घेता येतो. तेथे शिक्षकांच्या देखरेखीखाली हात बसतो आणि शेवटी सरकारमान्य प्रमाणपत्र मिळते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यांतही विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. परंतु ती बहुधा पूर्ण दिवसाची असल्याने दिवसाच्या महाविद्यालयाशी तिचा मेळ बसत नाही. महाविद्यालयात जाणाऱ्या तरुणाने शनिवारी, सुट्टीत किंवा सायंकाळी करावयाच्या मदतनिसाच्या कामाचाच विचार करावा.

काम कोठे शोधावे?

मोठ्या कारखान्यांत पाळ्या ठरलेल्या असतात आणि वेल्डर बहुधा चाचणी घेऊनच नेमला जातो. तेथे अर्धवेळ विद्यार्थ्याला सहसा वाव नसतो. तो वाव फॅब्रिकेशनच्या लहान गाळ्यांत असतो. खिडक्यांच्या ग्रील, सेफ्टी डोअर, जिन्याचे कठडे, फाटके, पाण्याच्या टाकीचे स्टँड आणि पत्र्याच्या शेड तेथे तयार होतात. वसई धर्मप्रांतापुरते बोलायचे तर वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या परिसरात औद्योगिक गाळ्यांची दाटी आहे. त्याशिवाय जवळपास प्रत्येक गावाच्या नाक्यावर एखादा फॅब्रिकेशनवाला असतोच. विद्यार्थ्याने प्रथम घराजवळचा गाळा पाहावा. प्रवासात गेलेला वेळ अखेर अभ्यासातूनच वजा होतो.

हंगामही लक्षात घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत, पावसापूर्वी शेड उभारून घेण्याची सर्वांनाच घाई असते आणि गाळेवाल्याला हात कमी पडतात. नेमकी हीच परीक्षेनंतरची सुट्टी असते. सुट्टीत पूर्ण दिवस काम करून ओळख निर्माण झाली, की जूननंतर शनिवारपुरते काम मागणे सोपे जाते.

काम मागण्यासाठी स्वतः जावे. सकाळी गाळा उघडताना किंवा सायंकाळी आवराआवरीच्या वेळी जावे. मिस्त्री कामाच्या मध्यावर असताना बोलणे काढू नये. आपण विद्यार्थी आहोत आणि आठवड्यातील अमुक तास देऊ शकतो, हे आरंभीच स्पष्ट सांगावे. आयटीआयमध्ये शिकलेल्या मुलाने स्वतः केलेला एखादा नमुना बरोबर न्यावा. सहा मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या काटकोनात जोडून, वरची खपली काढून, तारेच्या ब्रशने साफ केलेला सांधा जाणत्या मिस्त्रीला पुष्कळ काही सांगून जातो. सांधा सरळ व एकसारख्या रुंदीचा आहे काय, कडेला खाच पडली आहे काय, मध्ये छिद्रे राहिली आहेत काय, हे तो एका दृष्टिक्षेपात ओळखतो.

पहिल्याच दिवशी हातात होल्डर मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. माप घेऊन खुणा करणे, पाइप कापणे, ग्राइंडरने कडा घासणे, टॅक मारताना तुकडा काटकोनात धरणे, खपली झाडणे, रेड ऑक्साइड लावणे यांपासूनच आरंभ होतो. ही कामे हलकी नव्हेत. फ्रेम काटकोनात बसली नसेल, तर उत्तम वेल्डिंगही तिला सरळ करू शकत नाही.

कोणत्या अटी ठरवाव्यात?

डॉन बॉस्को स्वतः मालकासमोर बसून अटी ठरवीत. त्याप्रमाणे पहिल्या बोलणीच्या वेळी वडील, मोठा भाऊ किंवा धर्मग्रामातील एखादी जाणती व्यक्ती मुलासोबत असावी. पुढील पाच गोष्टी साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

१) वेळ : आठवड्याचे तास ठरलेले असावेत. महाविद्यालय चालू असताना १२ ते १५ तासांपलीकडे जाऊ नये आणि रात्रीचे काम स्वीकारू नये.

२) परीक्षा : परीक्षेपूर्वीचे दोन आठवडे आणि परीक्षेचे दिवस सुट्टी असावी. आपल्या परीक्षांच्या तारखा विद्यार्थ्याने मालकाला वेळेवर कळवाव्यात.

३) मोबदला : किती व कोणत्या दिवशी मिळेल, हे स्पष्ट असावे. ‘आधी शीक, मग बघू’ एवढ्यावर महिनोन्‌महिने राबू नये. शिकाऊ माणसाला कारागिराइतके पैसे मिळणार नाहीत हे खरे. परंतु शिकाऊ म्हणजे फुकट नव्हे.

४) शिक्षण : कामाच्या प्रत्येक दिवशी निदान अर्धा तास टाकाऊ तुकड्यांवर रॉड चालविण्यास मिळावा. अडीच मिलिमीटरचा रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर आणि ३.१५ मिलिमीटरचा ९० ते १३० अँपिअरवर चालतो. पातळ पाइपला भोक न पाडता सांधा कसा भरावा, हे पुस्तकाने नव्हे तर हातानेच कळते. सहा महिने झाडू, चहा आणि ओझी यांपलीकडे काही मिळाले नाही, तर तो गाळा सोडावा.

५) रविवार : औद्योगिक पट्ट्यांत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असे नाही. मिस्सेसाठी व कुटुंबासाठी रविवार मोकळा हवा, हे आधीच सांगितलेले बरे. प्रामाणिकपणे घातलेल्या अटीचा मालकाला सहसा राग येत नाही. आयत्या वेळी मारलेल्या दांडीचा येतो.

डोळे, छाती आणि वीज

वेल्डिंगच्या ठिणगीतून निघणारे अतिनील किरण डोळ्यांच्या पुढील पडद्याला भाजून काढतात. त्याची वेदना लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते आणि उजेड सोसत नाही. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर प्रश्नपत्रिकाही वाचता येत नाही. हा त्रास सामान्यतः एक-दोन दिवसांत ओसरतो. परंतु बटाट्याचा रस, दूध असले उपाय डोळ्यांत घालू नयेत, नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. स्वतः वेल्डिंग करताना योग्य काचेचा, साधारण १० किंवा ११ क्रमांकाच्या शेडचा, मुखवटा वापरावा. मदतनिसाचा धोका अधिक फसवा असतो, कारण तो तुकडा धरून शेजारी उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांवर काहीच नसते. म्हणून त्यालाही मुखवटा मिळालाच पाहिजे. ग्राइंडर चालविताना पारदर्शक चष्मा निराळा लागतो.

धुराविषयीही बेफिकिरी नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराचा समावेश माणसाला निश्चित कर्करोगकारक असलेल्या गोष्टींत केला. जस्ताचा मुलामा असलेल्या, म्हणजे जीआय पाइपवर वेल्डिंग केल्यास त्या धुराने सायंकाळी हुडहुडी भरून ताप येतो व तो हिवतापच वाटतो. काम मोकळ्या हवेत करावे, चेहरा धुराच्या लोटात धरू नये आणि सांध्याजवळचा मुलामा आधी घासून काढावा.

कपडे सुती व पूर्ण बाह्यांचे असावेत. नायलॉन वितळून त्वचेला चिकटते. कातडी हातमोजे आणि बंद बूट हवेत. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर किंवा ओल्या हातमोज्यांनी काम करू नये; पायांखाली कोरडी फळी घ्यावी. तेल, पेट्रोल किंवा थिनर साठविलेल्या बंद पिंपाला वेल्डिंग करण्यास कोणी सांगितले, तर स्पष्ट नकार द्यावा. पिंप रिकामे दिसले तरी आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. मुखवटा, हातमोजे आणि चष्मा देण्यास जो मालक तयार नाही, त्याच्याकडे कितीही पैसे मिळत असले तरी राहू नये.

पैसा हाती आल्यावर

खरी कसोटी यापुढे सुरू होते. हाती आलेला पहिला पैसा गोड लागतो. हळूहळू एक तास बुडतो, मग एक दिवस, आणि अखेरीस परीक्षेचा अर्जच भरला जात नाही. वर्गातील उपस्थिती घसरू लागली किंवा एखादा विषय राहिला, तर कामाचे तास त्याच महिन्यात कमी करावेत. पालकांनीही मुलाच्या मिळकतीवर घरखर्चाचे गणित बसवू नये. एकदा ते बसले की त्याला काम सोडून अभ्यासाकडे वळणे अवघड होते. त्या पैशातून त्याचे शुल्क भरावे आणि उरलेला त्याच्या नावे बँकेत ठेवावा.

शिक्षण आणि हाताची कला ही एकमेकींची वैरिणी नव्हेत. नकाशा वाचता येणारा, हिशेब मांडता येणारा, ग्राहकाला कोटेशन लिहून देणारा वेल्डर पुढे स्वतःचा गाळा उघडू शकतो. ज्याला केवळ रॉड चालविता येतो, त्याला दुसऱ्याच्या गाळ्यावरच थांबावे लागते.

आपल्या धर्मग्रामांत गाळे व लहान कारखाने चालविणारे बंधू आहेत. त्यांनी वर्षाला एका गरजू विद्यार्थ्याला वरील अटींवर शिकविण्याचे मनावर घेतले, तर शुल्काअभावी थांबलेले एक शिक्षण पुढे चालू राहील. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा कामकरी संत योसेफ यांचा सण म्हणून जाहीर केला. नाझरेथच्या त्या कारागिराच्या हाताखाली एक मुलगा काम शिकत होता. त्याचे वाढणे, शिकणे आणि प्रार्थनेसाठी मंदिरात जाणे हे सारे त्या घरात जपले गेले. आपल्या गाळ्यात उभ्या असलेल्या मुलाकडेही आपण त्याच नजरेने पाहावे.