टेप काळी झाली म्हणजे काम झालं?

भाट्ये पूल ओलांडला की खाडीपलीकडे रत्नागिरी शहर. शस्त्रक्रियेसाठी भाट्येकर तिकडेच जातात. वेळ टळली की नातेवाईक डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडतात. खोळंबा मात्र कित्येकदा हत्यारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्ह यंत्राच्या खोलीत असतो. त्या खोलीबद्दलचे हे काही समज.

गैरसमज : उकळून घेतलं की हत्यारं निर्जंतुक होतात.
वस्तुस्थिती : समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांवर उकळतं. त्यात बहुतेक जंतू मरतात, पण धनुर्वातासारख्या रोगांच्या जिवाणूंचे बीजाणू तगून राहू शकतात. त्यांना दाबाखालची वाफ लागते : दर चौरस इंचाला 15 पौंड दाब, 121 अंश तापमान. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी 1879 मध्ये यासाठीच ऑटोक्लेव्ह बनवला.

गैरसमज : हत्यारांच्या ड्रमवर चिकटवलेल्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे आतलं सगळं निर्जंतुक.
वस्तुस्थिती : टेप एवढंच सांगते की ड्रमला बाहेरून उष्णता लागली. ड्रमच्या अंगावर भोकं असतात आणि ती झाकणारी सरकती पट्टी. यंत्रात ठेवताना पट्टी उघडायची राहिली, तर वाफ आत पुरेशी शिरत नाही. टेप तरीही काळी होते. म्हणून गठ्ठ्याच्या मधोमध इंडिकेटरची पट्टी ठेवतात. खरी परीक्षा बीजाणूंची : जिओबॅसिलस या जिवाणूचे चिवट बीजाणू यंत्रात ठेवायचे आणि ते मेले का, हे पाहायचं.

गैरसमज : क्लोरीनच्या पाण्यात बुडवलं की घासायचे कष्ट वाचतात.
वस्तुस्थिती : 0.5 टक्के द्रावणात दहा मिनिटं बुडवण्याची पद्धत वर्षानुवर्षं शिकवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शिकेने ती नाकारली. रक्तामुळे क्लोरीनचा जोर ओसरतो आणि स्टीलला बारीक खड्डे पडतात. सलाइन आणि किनाऱ्यावरच्या विहिरींचं मचूळ पाणीही स्टीलला तसंच बाधतं. फोर्सेप्सचा सांधा उघडून, पाण्याखाली धरून ब्रशने घासणं, याला पर्याय नाही. रक्त वाळू दिलं तर तेच काम दुप्पट होतं; हत्यार ओटीतच (शस्त्रक्रियागृहातच) पुसून, ओल्या कापडाखाली ठेवलं तर पटकन उरकतं.

गैरसमज : घाई असेल तर सुकवणं गाळलं तरी चालतं.
वस्तुस्थिती : गुंडाळलेल्या हत्यारांना 121 अंशांवर 30 मिनिटं लागतात आणि ती मिनिटं तापमान गाठल्यावर मोजायची, बटण दाबल्यावर नव्हे. पुढे सुकायला 15 ते 30 मिनिटं. ओल्या कापडातून जंतू आत उतरतात, म्हणून ओला गठ्ठा निर्जंतुक धरत नाहीत. पावसाळ्यात मध्येच वीज गेली, तर फेरी पहिल्यापासून.

गैरसमज : काम रेंगाळतं, कारण माणसं संथ आहेत.
वस्तुस्थिती : तापणं, वाफ, सुकणं आणि भरणं-काढणं धरून एक फेरी सव्वा ते दीड तासाची. आठ तासांच्या ड्युटीत एका यंत्रावर पाच-सहा फेऱ्या. खोलीत काम करणाऱ्या मावशींना कितीही पळवलं तरी सातवी निघत नाही. वेळ वाया जातो तो दुसरीकडे : धुणाऱ्यालाच वॉर्डात हाक येते, मळका आणि स्वच्छ माल एकाच टेबलावर येतो, सेटमधली एक कात्री कमी निघते आणि बांधलेला गठ्ठा पुन्हा सोडावा लागतो. प्रत्येक सेटची यादी, मळक्याकडून स्वच्छाकडे एकच वाट आणि धुण्याच्या वेळेत हाक न मारण्याची शिस्त, एवढ्यानेही माणसांचे तास वाचतात. ओटीची उद्याची यादी लावताना इन्चार्ज सिस्टरांना आधी विचारावं : किती सेट तयार आहेत आणि किती फेऱ्या निघतील?