बुरशी दिसते, विष दिसत नाही

एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाला बाजारात बेडगी, संकेश्वरीचे ढीग लागतात. जाणती गिऱ्हाइकं मिरची मोडून बघतात. आत काळपट बुरशी दिसली की पुढचं दुकान. सवय उत्तमच. पण ‘अ‍ॅस्परजिलस’ बुरशी सोडते ते अफ्लाटॉक्सिन रंगा-वासावरून ओळखू येत नाही, भाजूनही पुरतं जात नाही, आणि त्याने यकृताचा कर्करोग होतो. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली.

हे विष शोधायच्या झटपट चाचणीत धान्य, शेंगदाणे किंवा मिरची दळून अर्क काढतात आणि त्यात कागदी पट्टी बुडवतात. काही मिनिटांत रेघ उमटते. विष जितकं जास्त, तितकी रेघ फिकी. भारतातली मर्यादा किलोमागे धान्य-डाळींना 15 मायक्रोग्रॅम, मसाल्यांना 30. खरी मेख नमुन्यात आहे. विष पोतंभर सारखं पसरलेलं नसतं, एखाद्या कोपऱ्यातच साठतं. त्यामुळे वरची मूठभर तपासून भागत नाही; अनेक पोत्यांतून, तळापासून माल घ्यावा लागतो.

घरी ही पट्टी नसते. तेव्हा मिरची कडकडीत वाळवूनच दळायला द्या, आणि कडवट लागलेला शेंगदाणा गिळू नका, थुंकून टाका.