रांग न मोडता मुकादम बदलणे

धान्याच्या मोठ्या कोठारापुढे दहा खिडक्या आहेत आणि माणसांची रीघ लागली आहे, अशी कल्पना करा. दाराशी एक मुकादम उभा आहे. "तू तिसऱ्या खिडकीकडे जा, तू सातव्या," असे तो सांगत असतो. एखादी खिडकी बंद पडली की तिकडे तो कोणालाच पाठवीत नाही. मोठ्या संगणक-केंद्रांत हेच काम एक आज्ञावली करते. तिला 'लोड बॅलन्सर' म्हणतात. विली तारो या फ्रेंच तज्ज्ञाने लिहावयास घेतलेली 'एचए-प्रॉक्सी' ही त्यांपैकी एक प्रसिद्ध आज्ञावली होय.

खिडकीवरचा कारकून बदलणे सोपे आहे. मुकादमाने थोडा वेळ त्या खिडकीकडे कोणाला धाडले नाही, की झाले! पण खुद्द मुकादमच बदलायचा असेल तर?

जुन्याने दार लावायचे आणि नव्याने ते उघडायचे, हा झाला सरळ मार्ग. यात सेकंदाचा लहानसा अंशच जातो. परंतु सेकंदाला हजारो विनंत्या येत असतील, तर तेवढ्यातही कित्येकांच्या तोंडावर दार आपटते. मग लिनक्स प्रणालीतील एका सोयीचा उपयोग करून दोघांनाही एकाच वेळी दाराशी उभे करून पाहण्यात आले. अडचण अशी, की तेथे प्रत्येकाची रांग वेगळी असते. जुना निघून गेला की त्याच्या रांगेत उभे असलेले, पण अजून हाक न आलेले, बिचारे वाऱ्यावर!

नोव्हेंबर २०१७ मध्ये निघालेल्या एचए-प्रॉक्सीच्या १.८ या आवृत्तीने यावर सुरेख तोड काढली. जुनी आज्ञावली दार लावीतच नाही; ते उघडे दार ती रांगेसकट नव्या आज्ञावलीच्या स्वाधीन करते. ज्यांच्याशी बोलणे आधीच चालू आहे, त्यांचे काम मात्र जुनीच पुरे करते आणि मग संपते. रांगेतल्या कोणाला या बदलाचा पत्ताही लागत नाही.

कधी कधी आज्ञावलीबरोबर यंत्रेही बदलायची असतात. तेव्हा अख्खे केंद्रच रिकामे करावे लागते, आणि येथे आपले शाळेतले गणित उपयोगी पडते. समजा, तीन केंद्रे आहेत आणि प्रत्येकाची ताकद १०० आहे. प्रत्येकावर ६० भार असेल तर एकूण १८० झाला. एक केंद्र बाजूला काढले तर उरलेल्या दोघांवर ९०-९० येईल. निभावेल. पण प्रत्येकावर ७० असेल तर? एकूण २१०, आणि दोघांची ताकद २००! म्हणूनच असली कामे बहुधा गर्दी ओसरल्यावर, रात्री-अपरात्री करतात.

केंद्र रिकामे करताना नव्याने पत्ता विचारणाऱ्यांना दुसऱ्या केंद्राचा पत्ता देतात. तरीही ज्यांनी जुना पत्ता जवळ जपून ठेवला आहे, ते काही काळ येतच राहतात. ओघ पुरता आटेपर्यंत थांबण्याचा धीर हवा.

शिवाय सर्व केंद्रे एकदम कधीच बदलत नाहीत. प्रथम एकच, तेही लहानसे; त्याला 'कॅनरी' म्हणतात. इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, त्यावरून हे नाव पडले. हा दंडक किती महत्त्वाचा आहे, हे २ जुलै २०१९ रोजी दिसले. जगभर केंद्रे असलेल्या क्लाउडफ्लेअर कंपनीत नवी आज्ञावली टप्प्याटप्प्यानेच बसवीत. पण हल्ले रोखण्याचे नियम मात्र, घाई असते म्हणून, सगळीकडे एकदम पाठवीत. त्या दिवशी अशाच एका नियमातील अक्षरे जुळवण्याचे सूत्र इतके किचकट निघाले, की ते सोडविण्यात संगणकांची जवळजवळ सारी शक्ती खर्ची पडू लागली. सुमारे २७ मिनिटे जगातील असंख्य संकेतस्थळे उघडेनाशी झाली. मुकादम जागेवरच होते, पण सगळे एकाच कोड्यात गुंतले होते! त्यानंतर कंपनीने नियमही टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे ठरविले.