भरून घेतलेले आवाज

कॅसेट 'भरून घेणं' हा शब्दप्रयोग आता कानावर पडत नाही. वहीच्या पानावर गाण्यांची यादी करून दुकानात द्यायची, दुकानदार दोन दिवसांनी बोलवायचा आणि शेवटचं गाणं हमखास अर्ध्यात तुटलेलं निघायचं. ते गाणं आमच्या डोक्यात आजही तिथेच तुटतं. रेडिओवर पूर्ण लागलं की पुढचं कडवं परकं वाटतं. भरून आणायच्या वस्तू तेव्हा दोनच, रॉकेल आणि कॅसेट. दोन्हींना माप असे. सी-६० म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं, दुसऱ्या बाजूला ३०.

या मापाची गंमत जुनी आहे. यंत्र किती वेळ देतं, कुठे उभं राहायला सांगतं, किती मोठ्याने बोलायला लावतं, याप्रमाणे माणसं मुकाट्याने स्वतःला बेतत आली आहेत. एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा. आपल्याकडची मोठी सुरुवात नोव्हेंबर १९०२मधली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहरजानचं गाणं मुद्रित झालं. मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून, आवाज चढवून गायचं आणि तीनेक मिनिटांत आटपायचं. जो राग मैफलीत तासभर उलगडायचा, त्याची पुडी बांधायची. गाणं संपताच गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगते. पुढे तो ठसका तिची ओळख झाला. कारण मात्र साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोणाचं गाणं कोणतं हे कळायला हवं होतं. म्हणजे एका पार्सलावरचा पत्ता शंभर वर्षं अदा म्हणून ऐकला जातो आहे.

सगळ्यांनाच ही पुडी मान्य नव्हती. जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांनी आपलं गाणं मुद्रित होऊ दिलं नाही. १९४६ साली ते गेले आणि त्यांच्या स्वराची एकही तबकडी मागे राहिली नाही. आपण त्यांना ऐकतो ते शिष्यांच्या गळ्यातून. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर याही या बाबतीत फारशा उदार नव्हत्या. तरी त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 'व्हॉयेजर' यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत जाऊन बसली. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. गुरूचा आवाज मुंबईतही सापडत नाही आणि शिष्येचा ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला, याला काय म्हणावं मला कळत नाही.

हलत्या चित्राची आपली सुरुवात आणखी मजेशीर आहे. १८९६मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. त्या पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून कॅमेरा मागवला. १८९९ साली त्यांनी टिपली ती हँगिंग गार्डनमधली कुस्ती. पुढे केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं स्वागतही. कुस्ती आणि सत्कार! गावोगावच्या तरुण मंडळांचे आजचे व्हिडिओ पाहा, विषय फारसे बदललेले नाहीत.

मोठमोठ्या गवयांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. माझ्या लेखी यंत्राचं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे. गी पॉयटव्हॅं आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ बायांच्याच आवाजात टेपवर घेतल्या आहेत आणि २०१७पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. वेळ बघा. विजेची गिरणी गावात आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवीचं निमित्तच सरलं. नेमकी तेव्हा टेप पोचली. पण ओवी ही श्रोत्यांसाठी नव्हतीच. पहाटेच्या अंधारात घरातले निजलेले असताना बाई जे जात्याला सांगायची, ते आता माइकला सांगू लागली. त्यात काही गळलं असेल, काही सावरून म्हटलं गेलं असेल. तरीही भाऊ, सीता, सासर, आंबेडकर, पंढरी हे सगळं एका दमात ऐकताना जाणवतं, की तबकडीच्या जमान्यात या आवाजाला कोणी दारातही उभं केलं नसतं.

हे शक्य झालं ते कॅसेटने. फिलिप्सने ती १९६३मध्ये आणली. तबकडी छापायला कारखाना लागायचा, कॅसेट भरायला एक खोली पुरे. भीमगीतं, कोळीगीतं, विठ्ठलाची भजनं एसटी स्टँडवरच्या टपरीत विकायला आली आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज रिक्षा-ट्रकांत घुमू लागला. आखातात गेलेल्या माणसांच्या घरी कॅसेटवरची पत्रंही यायची. सगळ्यांनी गोलात बसून ऐकायची, मधल्या काही वाक्यांना सुनेने मान खाली घालायची. तेच काम आज व्हॉट्सअ‍ॅप करतं. २०१३मध्ये त्यात आवाजी निरोपाची सोय आली. ज्यांना टाइप करणं जमत नाही अशा कितीतरी आज्या त्यामुळे गटात बोलत्या झाल्या. फरक एवढाच, की आजीचा निरोप नातू दुप्पट वेगाने ऐकतो.

व्हिडिओ घरात शिरला तो लग्नाच्या दारातून. एका हाताने कॅमेरा आणि दुसऱ्या हाताने अख्खा मांडव हाकणारा शूटिंगवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांगायला नको. हॅलोजनचा झोत, मागे वायर धरून पळणारा पोरगा, आणि 'गुरुजी, थांबा जरा, अक्षता परत टाका' हा हुकूम. मुहूर्त साधायला पंचांग घेऊन बसलेले गुरुजीही थांबत! मंगळसूत्र घालताना वर-वधूने लेन्सकडे बघायचं हा विधी कोणत्याही पोथीत नाही, पण आता तो चुकत नाही. याच लग्नाच्या सामानातून मालेगावात सिनेमा जन्मला. तिथल्या नासिर शेख यांचं व्हिडिओ पार्लर होतं. त्यांनी गावातलीच माणसं घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागांच्या या गावातल्या पोरांनी कॅमेरा सायकलीवर, बैलगाडीवर चढवून फिरते शॉट घेतले. शूटिंगवाल्याच्या यंत्राचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

यंत्र साक्षीला उभं राहिलं त्यालाही पन्नासहून जास्त वर्षं झाली. मुंबईच्या मलकानी नावाच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, डॉक्टरकडे लाच मागितली. पोलिसांनी डॉक्टरच्या संमतीने फोनला टेपरेकॉर्डर जोडला. हा मलकानी खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२मध्ये असं संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य ठरलं. जुलै २०२५मध्ये त्याच न्यायालयाने नवरा-बायकोच्या वादात चोरून टेप केलेलं फोनवरचं बोलणंही पुरावा म्हणून मान्य केलं. मधल्या काळात आपल्या बोलण्याची चाल बदलली, असं माझं निरीक्षण आहे. जमिनीच्या व्यवहारातला माणूस फोनवर आकडा बोलतच नाही. 'भेटल्यावर बोलू' म्हणतो. भांडणात कोणी अचानक शुद्ध, सभ्य मराठी बोलायला लागला, की समजावं त्याच्या खिशातला मोबाइल चालू आहे.

कायद्याची दिशाही तीच. पोलीस ठाण्यांत आवाजासह सीसीटीव्ही हवा आणि चित्रण १८ महिने जपलं जावं, असं न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये सांगितलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. कोठडीतल्या माणसाच्या बाजूने बोलणारा कॅमेरा मला हवाच आहे. सोसायटीतला मात्र जिन्यात कचरा कोणी टाकला आणि कोणाच्या मुलीला कोण सोडायला आलं, हे एकाच तत्परतेने सांगतो. 'फुटेज काढा' ही धमकी सेक्रेटरीच्या तोंडी आता 'पोलिसांत देईन'च्या जागी आली आहे. बरं, ते फुटेजही टिकत नाही. हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. कॅसेटची खाच तोडली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे, आणि विचार बदललाच तर खाचेवर सेलोटेप लावता येई. एवढा विचार आता कुणाला करावा लागत नाही.

यंदा गणपतीआधी माळा आवरताना आमच्या लग्नाची व्हीएचएस सापडली. ज्याच्यावर ती लागेल असा व्हीसीआर नात्यात कुणाकडे उरला नव्हता, म्हणून पेन ड्राइव्हवर उतरवून देणाऱ्या एका दुकानात नेली. कोकणातलं घर, टेपला बुरशी आलेली. निम्मं येईल, बाकीचं सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मला पाहायचं होतं ते पंगतीतलं. तिथे माझी आत्या क्षणभर झोतात सापडते, पदर ओढून 'मेल्या, जेवू दे की' म्हणते आणि मागे भांड्यांचा, पोरांचा कालवा आहे. आत्याचं बोलणं बाकी कुठे उरलेलं नाही. दुकानदाराने विचारलं, "खाली म्युझिक टाकू का?" मी म्हटलं, "नको, मला तो गोंगाटच हवाय." आठवड्याने पेन ड्राइव्ह आणला, टीव्हीला लावला. पंगत आली, आत्याही आली, तिचे ओठ हलले. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सनई.