चौथी कॉट आणि ‘क्ष’

इंजिनिअरिंगला आल्यावर आपण लाप्लास ट्रान्सफॉर्म सोडवतो, पण शाळेतलं ‘क्ष काढा’ पार विसरून जातो. मीही विसरलो होतो. आमच्या तिघांच्या रूममध्ये वेटिंग लिस्टवरच्या एका ज्युनिअरला घ्यायचं ठरत होतं. रेक्टर सर दारातूनच म्हणाले, “चौथी कॉट बसणार नाही.” पोरगा बॅग घेऊन पॅसेजमध्ये उभा!

मी टेप आणला. रूम १५६ बाय १२० इंच, कॉट ७२ बाय ३०. दार लांब भिंतीच्या मधोमध. तिन्ही कॉट समोरच्या लांब भिंतीला डोकं करून ओळीने लावलेल्या. आता क्ष म्हणजे काय, ते आधी लिहायचं. क्ष = दोन कॉटमधली फट. कडेच्या कॉट भिंतीला टेकवल्या तर चार कॉटमध्ये फटी तीनच. इथेच बरेच जण चार धरतात आणि गणित चुकतं.

४ × ३० + ३क्ष = १५६
म्हणून क्ष = १२

बारा इंचांतून ये-जा कशी करणार? निदान १८ तरी हवेत. म्हणजे सरांचं बरोबरच होतं, पण त्या मांडणीपुरतं.

मग मांडणीच बदलली, घोड्याच्या नालेसारखी. दोन कॉट समोरच्या भिंतीला लांबीने :

७२ + ७२ + क्ष = १५६, क्ष = १२

मघाशी नडलेले तेच १२ इंच इथे चालतात, कारण तिथून कुणाला जायचंच नाही. उरलेल्या दोन कॉट दोन्ही आखूड भिंतींना :

३० + क्ष + ७२ = १२०, क्ष = १८

हवी तेवढीच वाट! मध्ये १५६ − ६० = ९६ इंच, म्हणजे आठ फूट मोकळे.

सरांनी स्वतः टेप लावून बघितला आणि फॉर्मवर सही केली. पण खरं सांगायचं तर तिसऱ्या टेबलामुळे दार उघडेना, ते परत करावं लागलं. आता चौघांत दोन टेबलं. पी.एल.मध्ये पाळ्या लावायच्या, असं ठरलंय. समीकरणाने जागा वाढत नाही, आहे ती कुठे अडकलीय एवढं कळतं. टेबल कुणी सोडायचं, ते आपलं आपणच ठरवायचं.

जाता जाता एक तुमच्यासाठी : ९६ इंची नोटीस बोर्डावर १२ इंच रुंदीची पाच पोस्टर एका ओळीत लावायचीत. मधल्या आणि दोन्ही कडांच्या फटी सारख्याच हव्यात. क्ष किती? आधी फटी नीट मोजा!